लॅपटॉपची हार्ड डिस्क जातेय का? घरीच बदलता येईल का?

साळुंकी
नमस्कार मंडळी,
लॅपटॉप जुना आहे. सातव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. हल्ली इतका मंदावलाय की चालू करून मी कुकर लावून येते, तरी पडद्यावरचं गोल फिरतच असतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १००% दिसते, पण प्रत्यक्ष वेग काही केबी. फोटोंचं एक ठरावीक फोल्डर उघडलं की सगळं गोठतं आणि मधूनच आतून कर्रर्र-टक असा आवाज येतो. विंडोज मात्र डिस्क 'हेल्दी' आहे म्हणतं.

दुकानात नेला होता. त्यांनी उघडून न पाहताच "बोर्ड गेलाय, नवीन घ्या" असं सांगितलं. ते काही पटलं नाही.

आत शाळेच्या प्रश्नपत्रिका आहेत, निकालपत्रकं आहेत, घरचे फोटो आहेत. सगळं डी ड्राइव्हवर आहे, म्हणून काळजी नाही असं भाऊ म्हणतो. मिक्सर, इस्त्री मी घरीच उघडते, त्यामुळे स्क्रूची भीती नाही. पण डिस्कच खराब आहे हे नक्की कसं कळणार? आणि असेल तर सुरुवात कुठून करू?

दुपारचा_चहा
फॉरमॅट मारा ताई. विंडोज १० जुनं झालं की असंच करतं. नवीन टाकलं की पळेल.

तारवाला
फॉरमॅट अजिबात नको. साळुंकीताई, लॅपटॉप आत्ता बंद करा आणि पुढचं फोनवर वाचा.

तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात धोक्याचं वाक्य 'डी ड्राइव्हवर आहे' हे आहे. आपल्याकडे दुकानदार लॅपटॉप देतानाच सी आणि डी असे दोन भाग पाडून देतात, आणि डी म्हणजे तिजोरी असा समज पक्का होतो. विंडोज बिघडून सी पुसावा लागला तर डी वाचतो, एवढ्यापुरतं ते खरं. पण दोन्ही भाग डिस्कमधल्या त्याच फिरत्या चकत्यांवर असतात आणि त्याच हेडने, म्हणजे वाचणाऱ्या टोकाने, वाचले जातात. डिस्क गेली की सी, डी, ई सगळे एकदम जातात.

विंडोजच्या 'हेल्दी'वरही जाऊ नका. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडल्याखेरीज विंडोज त्यातलं काही बोलत नाही, आणि ती मर्यादा इतकी सैल असते की डिस्क आचके देत असतानाही 'सगळं ठीक' दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवरून पेन ड्राइव्हवर घ्या, इन्स्टॉल न करता चालणारी आवृत्ती मिळते. लॅपटॉप एकदाच चालू करा, ते उघडा, फोनने पडद्याचा फोटो काढा आणि परत बंद करा. ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे शेवटच्या रकान्यातले आकडे इथे लिहा.

साळुंकी
वर पिवळ्या चौकटीत 'कॉशन' आलंय.
०५ : बरीच शून्यं आणि शेवटी १८
सी५ : शेवटी ए८
सी६ : तेच, ए८
सी७ : सगळी शून्यं
ए८ म्हणजे काय? मी तर आकड्याची वाट बघत होते.

तारवाला
तो आकडाच आहे, फक्त सोळाच्या पटीत लिहिलेला. ए म्हणजे १०. १० गुणिले १६ अधिक ८, म्हणजे १६८. तसंच १८ म्हणजे २४. सेटिंगमध्ये 'रॉ व्हॅल्यूज' दशमान करता येतात, पण त्यासाठी लॅपटॉप परत चालू करू नका.

०५ म्हणजे बाद ठरवून राखीव जागेत हलवलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणुकीचे छोटे तुकडे). सी५ म्हणजे वाचता आले नाहीत, पण अजून बादही ठरवले नाहीत असे, निकाल राखून ठेवलेले. सी६ हे जवळपास तेच, डिस्कने स्वतःच्या तपासणीत पकडलेले. सी७ ही डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या दळणवळणातली चूक, म्हणजे बहुधा केबल किंवा कनेक्टर. तुमचा सी७ शून्य आहे, तेव्हा केबल निर्दोष. दोष डिस्कच्या पृष्ठभागात किंवा हेडमध्ये आहे. बोर्डाला दोष द्यावा असं यात मला तरी काही दिसत नाही.

अवांतर: १६८ ला ८ ने पूर्ण भाग जातो, २४ लाही जातो. हल्लीच्या डिस्कवर खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि बाहेर तो ५१२ चे आठ तुकडे म्हणून दाखवला जातो. म्हणजे खरे बिघडलेले सेक्टर २१. एकूण ८४ केबी, एका फोटोपेक्षा कमी. पण ते फोल्डरांच्या यादीवर पडले तर अख्खं फोल्डर दिसेनासं होतं. आणि असे सेक्टर सहसा एकटेदुकटे राहत नाहीत.

गल्लीबोळ
सी७ बद्दल +१. माझ्या लॅपटॉपवर नेमकं उलट होतं. ०५, सी५, सी६ तिन्ही शून्य आणि सी७ रोज वाढतोय. आत डिस्कपासून बोर्डापर्यंत जाणारी चपटी रिबन बिजागरीजवळ दुमडून चिरली होती. पुण्याच्या तापकीर गल्लीत मॉडेल नंबर दाखवून तेवढी रिबन आणली आणि डिस्क अजून तीच चालू आहे. सी७ चा जुना आकडा कधी शून्यावर येत नाही, तो वाढायचा थांबला की जमलं समजायचं.

दुपारचा_चहा
मग विंडोजची डिस्क तपासायची चेकडिस्क कमांड चालवा ना, शेवटी 'आर' लावून. बॅड सेक्टर दुरुस्त होतात. माझी डिस्क त्यानेच बरी झाली होती, तीन वर्षं चालली पुढे.

पेंग्विनप्रेमी
चहासाहेब, तुमची बरी झाली असेल, पण या डिस्कवर हा सल्ला घातक आहे. चेकडिस्कला फाइल सिस्टीम, म्हणजे फाइलींच्या नोंदींची मांडणी, सुसंगत करायची असते, तुमच्या फाइली वाचवणं हे तिचं कामच नाही. एखादी नोंद वाचता आली नाही तर ती बेलाशक काढून टाकते आणि उरलेले तुकडे फाउंड डॉट शून्य-शून्य-शून्य नावाच्या फोल्डरात टाकते. निकालपत्रकं त्यात फाइल-०००१, फाइल-०००२ अशा नावांनी सापडतील, सापडली तर. शिवाय 'आर' लावलं की डिस्कचा कानाकोपरा वाचला जातो, खराब जागी पुन्हा पुन्हा डोकं आपटत. अशक्त हेडला तेवढं पुरतं.

वीज जाऊन लिहिणं अर्धवट राहिलं तरी थोडे सी५ दिसतात, आणि त्या जागी परत लिहिलं की ते नाहीसे होतात. तुमचं बहुतेक तेच झालं असावं. इथे आवाज आहे आणि ०५ सुद्धा हललाय.

सोलापुरी_चादर
आवो ताई, डिस्क काढून पिशवीत घालून फ्रीजरमधी ठिवा रातभर. आमच्या मेव्हण्यानं केल्तं, चालू झाल्ती की!

तारवाला
चादरभाऊ, वीस वर्षांपूर्वीच्या काही डिस्क अडकायच्या तेव्हाची ही युक्ती. आता बाहेर काढल्यावर चकत्यांवर दव धरतं. हेड आणि चकतीत काही नॅनोमीटरचं अंतर असतं, त्यात पाण्याचा थेंब मावत नाही. घरी डिस्कचं झाकण उघडणं, सारख्या मॉडेलच्या डिस्कचा सर्किट बोर्ड आणून बसवणं हेही नको. प्रत्येक डिस्कची जुळणी वेगळी असते आणि ती त्याच बोर्डावरच्या चिपमध्ये नोंदलेली असते.

ताई, आणखी एक. कर्रर्र मधूनमधून येतंय तोवर आपण काहीतरी करू शकतो. टक्... टक्... टक् असा ठेका धरला, किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) डिस्कचं नावच दिसेना, तर त्या क्षणी वीज तोडा. तिथून पुढे डेटा रिकव्हरी लॅबचं काम. त्यांचा खर्च नव्या लॅपटॉपच्या घरात जाऊ शकतो, तेव्हा आधीच ठरवून ठेवा की निकालपत्रकं आणि फोटो तेवढ्या मोलाचे आहेत का.

साळुंकी
फोटो आहेत. आई गेली त्याआधीच्या वर्षाचे सगळे यातच आहेत. तर लॅपटॉप बंदच ठेवलाय. पुढे सांगा.

पेंग्विनप्रेमी
आता डेटा काढू. दोन वस्तू लागतील. एक ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि एक बाहेरून लावायची डिस्क, १ टीबीपेक्षा मोठी, म्हणजे २ टीबीची घ्या.

विंडोज चालू करून कॉपी-पेस्ट करू नका. ते स्वतः याच डिस्कवरून चालतं, मागे अपडेट, इंडेक्सिंग, व्हायरस तपासणी चालू ठेवतं आणि सतत काहीतरी लिहीत असतं. त्यात खराब फाइल आली की तिथेच अडून बसतं. दुसऱ्या मशीनवर पेन ड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) तयार करा, लॅपटॉप त्यावरून चालू करा आणि 'ट्राय' निवडा. 'इन्स्टॉल' नको! आता जुनी डिस्क फक्त आपण सांगू तेव्हाच हलेल.

डी ड्राइव्ह उघडताना कुलूप दिसलं तर ते बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन. काही लॅपटॉपवर ते मालकाला न विचारताच चालू झालेलं असतं. तेव्हा ४८ अंकी रिकव्हरी की लागेल, मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन करून ती फोनवर बघता येते.

मग सगळ्यात आधी जिवाचं फोल्डर. आईंचे फोटो, मग निकालपत्रकं, मग प्रश्नपत्रिका, या क्रमाने थोडं थोडं बाहेरच्या डिस्कवर घ्या. जे फोल्डर उघडताना गोठतं ते सोडून द्या, त्याच्या मागे लागू नका. सिनेमे वगैरे विसरा.

एवढं हाती आलं की डीडीरेस्क्यू. उबुंटूच्या पॅकेजांच्या यादीत नाव जीडीडीरेस्क्यू असं आहे, पुढे एक जी जास्त. ते डिस्कची सेक्टर-सेक्टर प्रतिमा, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, काढतं. शहाणपण असं की आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, अडलं की उडी मारून पुढे जातं, आणि हट्टी जागांकडे शेवटी वळतं. कुठवर आलो हे मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू होतं. पहिली फेरी 'एन' पर्याय लावून करा, म्हणजे खराब जागा खरवडणार नाही. ती झाली की 'एन' काढून 'डी' आणि 'आर३' लावा, म्हणजे तीनदा परत प्रयत्न.

कमांडमधला क्रम तोंडपाठ करा: आधी जुनी डिस्क, मग प्रतिमेची फाइल, मग मॅप फाइल. प्रतिमा आणि मॅप दोन्ही बाहेरच्या डिस्कवर. कुठली डिस्क कोणती हे आकारावरून न ठरवता सीरियल नंबरावरून ठरवा. एंटर दाबायच्या आधी कमांडचा फोटो इथे टाका, मी बघतो.

आजोबा_ऑनलाइन
एक शंका. याला किती वेळ लागेल? आणि मध्ये लॅपटॉप तापला तर?

पेंग्विनप्रेमी
काका, धडधाकट डिस्क सेकंदाला सरासरी ८०-१०० एमबी देते, म्हणजे १ टीबीला तीन-साडेतीन तास. आजारी डिस्कला एक रात्रही लागते आणि आठवडाही. लॅपटॉप चार बाटल्यांच्या झाकणांवर उचलून ठेवा, पंखा सोडा, चार्जर लावूनच ठेवा. वेग शून्यावर जाऊन बसला तर घाबरून हलवू नका. फिरत्या डिस्कला धक्का नको.

साळुंकी
पेंग्विनप्रेमींनी फोटो पाहून कमांडमधली एक जागा बदलायला सांगितली, मग चालू केलं. फोटो आणि निकालपत्रकं त्याआधीच हाताने काढली होती. पहिली फेरी रात्रभरात झाली, दुसरी मात्र रेंगाळत राहिली. शेवटी 'रेस्क्यूड ९९.९९%' आलं. परत स्मार्ट बघितलं तर सी५ आता १डी० आहे. मीच हिशोब केला, ४६४!

तारवाला
बरोबर. १६८ वरून ४६४. एवढ्यावर निदान पक्कं, या डिस्कवर आता कशासाठीही विसंबायचं नाही.

दुपारचा_चहा
४६४ बघून चेकडिस्कचा सल्ला मागे घेतो. पण ०.०१% म्हणजे काय गेलं हे कसं कळणार?

पेंग्विनप्रेमी
चांगला प्रश्न. १ टीबीचा ०.०१% म्हणजे १०० एमबी, अगदी थोडंही नाही. डीडीरेस्क्यूमध्ये फिल मोड आहे. प्रतिमेची आणखी एक प्रत करून तिच्यातल्या न वाचलेल्या जागी एखादा खुणेचा मजकूर भरायचा, मग प्रतिमा फक्त वाचण्यापुरती उघडून कुठल्या फाइलींत तो मजकूर सापडतो ते शोधायचं. तेवढ्याच फाइली बिघडल्या. जागा कमी असेल तर फोटोंच्या फोल्डरवरून एक नजर फिरवा. अर्धा राखाडी झालेला फोटो लगेच दिसतो.

गल्लीबोळ
आता खरेदी. जुन्या जागी २.५ इंची साटा एसएसडी बसेल. एसएसडी म्हणजे चकत्या नसलेली, चिपांवर साठवणारी डिस्क, आणि साटा ही जुन्या डिस्कचीच जोडणी. फिरत्या डिस्कची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर असते, एसएसडी ७ ची. कप्पा ९.५ चा असला तर हलू नये म्हणून प्लास्टिकची चौकट घाला, काही एसएसडींच्या खोक्यात ती येते. साटाची मर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी, जुन्या डिस्कच्या पाचपट. पण खरा फरक बारीक बारीक फाइलींत जाणवतो. हेड फिरवायचंच नसतं, त्यामुळे विंडोज उघडताना कुकरच काय, चहाही होणार नाही.

आत एम.२ ची खाच (पट्टीसारखी एसएसडी बसवायची जागा) असेल तर तीही चालेल, मात्र ती साटा घेते की एनव्हीएमई ही दुसरी जोडणी, हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच घ्या. दोन्ही पट्ट्या दिसायला सारख्या असतात आणि दुकानदारही गोंधळतात.

आणि कृपा करून 'फक्त ९९९ मध्ये २ टीबी' असलं ऑनलाइन काही घेऊ नका. आत छोटी मेमरी असते आणि कंट्रोलर खोटं सांगतो. भरत गेलात की जुन्यावरच नवं लिहिलं जातं. नवी कुठलीही डिस्क आधी एच२टेस्टडब्ल्यू या सॉफ्टवेअरने भरून तपासा.

तारवाला
उघडण्याबद्दल. तुमच्या मॉडेलचा व्हिडिओ आधी एकदा पूर्ण बघा. विंडोज बंद करताना शिफ्ट धरा, म्हणजे ते खरंच बंद होतं. चार्जर काढा. झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरणं.

स्क्रू एकाच लांबीचे नसतात. थर्माकोलच्या तुकड्यावर लॅपटॉपची पाठ काढा आणि जो स्क्रू जिथून निघाला तिथेच खोचा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर कीबोर्डच्या बाजूने फुगवटा येतो किंवा बोर्डाला भोक पडतं. सगळे काढूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, एखादा रबरी पायाखाली लपलेला असतो. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर तो आधी बाहेर ओढावा लागतो आणि त्याच्या कप्प्यातही एक-दोन सापडतात. खाचा सोडवायला जुनं प्लास्टिक कार्ड वापरा, सुरी नको.

डिस्क वर उचलू नका, कनेक्टरपासून मागे सरकवा. तिच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या चौकटीला चार बारीक स्क्रू असतात, ती चौकट नव्या एसएसडीला लावायची. रिबन असेल तर बोर्डाकडच्या टोकाला इवलीशी पट्टी असते, ती नखाने उभी केली की रिबन आपोआप सुटते.

साळुंकी
बसवली. पहिल्यांदा बायोसमध्ये काहीच दिसेना, पोटात गोळा आला. परत उघडून रिबन नीट आत सरकवली आणि पट्टी खाली दाबली, तेव्हा नाव आलं. आता विंडोजचं काय? लायसनची सीडी-बिडी काही नाही.

तारवाला
लागत नाही. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की बहुधा बोर्डावरच्या चिपमध्ये असते, डिस्कशी तिचा संबंध नाही. तीच आवृत्ती टाकलीत आणि नेट जोडलंत की आपोआप चालू होईल. इन्स्टॉल करताना 'अनअलोकेटेड' जागा निवडून पुढे जा, बाहेरची डिस्क तेव्हा काढून ठेवा.

पण विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. तुमचा सातव्या पिढीचा आय३ विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. नाव नोंदवलं तर १० ला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. तोवर विचार करायला वेळ आहे.

पेंग्विनप्रेमी
विचार कसला, उबुंटू आहेच की! :)

साळुंकी
विंडोज झालं, लॅपटॉप ओळखू येत नाही इतका पळतोय. सगळ्यांचे आभार. पण एक नवीनच भानगड. फोटो, निकालपत्रकं ठीक. जुन्या प्रश्नपत्रिका उघडल्या तर सगळीकडे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. या फाइली खराब सेक्टरवर होत्या का?

आजोबा_ऑनलाइन
ताई, हे मला माहीत आहे! कृतीदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलं असणार. फाइल डी वर होती पण फॉन्ट सी वर, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात. नवीन विंडोजमध्ये तो नाही, म्हणून मागची अक्षरं दिसतात. आमच्या पतसंस्थेत संगणक बदलले तेव्हा हाच गोंधळ झाला होता.

पेंग्विनप्रेमी
काकांना +१. म्हणूनच नुसता डी न घेता अख्ख्या डिस्कची प्रतिमा काढायला सांगितली होती. प्रतिमा उबुंटूत फक्त वाचण्यापुरती उघडा, सी मधलं फॉन्ट्स फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या आणि त्यातले तुमचे मराठी फॉन्ट विंडोजमध्ये इन्स्टॉल करा. त्याच फेरीत सी वरचं डेस्कटॉप, डाउनलोड्स, ब्राउझरच्या खुणा आणि टॅली वापरत असाल तर त्याचा डेटा फोल्डर बघून घ्या. डी वर सगळं आहे म्हणणाऱ्यांचं नेमकं हेच राहून जातं.

साळुंकी
कृतीदेव होता. आल्या सगळ्या प्रश्नपत्रिका! एका जुन्या फाइलला श्रीलिपीचा फॉन्ट हवाय, तो शाळेतल्या मशीनवर बघते. काढलेल्या डिस्कचं काय करू? भाऊ म्हणतो कव्हरमध्ये घालून पेन ड्राइव्हसारखी वापर.

तारवाला
भावाला नको म्हणा. नवीन जागेवरचा डेटा निदान दोन ठिकाणी होईपर्यंत आणि काही राहिलंय असं न आठवता महिना जाईपर्यंत ती कपाटात ठेवा. नंतर ई-कचऱ्यात द्या. मुलांची निकालपत्रकं आहेत म्हणून आधी नष्ट करा, कारण खराब सेक्टरवर पुसण्याचं सॉफ्टवेअर पोचेलच असं नाही. ड्रिलने चकत्यांतून आरपार दोन-तीन भोकं पुरतात. डोळ्यांवर गॉगल हवाच, लॅपटॉपच्या डिस्कमधल्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि त्यांचा चुरा उडतो.

सोलापुरी_चादर
आतली चुंबकं तेवढी काढून घ्या ताई, लई जबरी असत्यात. बोट सांभाळा फकस्त.

रानजाई
वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). माझ्या छोट्या लॅपटॉपमध्ये डिस्कऐवजी ६४ जीबीची ईएमएमसी ही साठवणुकीची चिप आहे, ती भरलीय आणि मंदावलीय. तीही अशीच बदलता येईल का?

तारवाला
नाही. ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते. आत एम.२ किंवा २.५ इंची डिस्कची मोकळी जागा असेल तर नवीन एसएसडी लावून विंडोज तिच्यावर टाकता येतं, काही मॉडेलमध्ये तशी जागा असते. पाठीवरच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.